नागदेवी स्ट्रीटचा रिव्ह्यू, भंगारातला गार्डन ट्रॅक्टर घरी उभा करणाऱ्याकडून

आधीच सांगतो, हा एका दुकानाचा रिव्ह्यू नाहीये, मुंबईतल्या मशीनच्या सुट्या भागांच्या बाजाराचा, म्हणजे अख्ख्या नागदेवी स्ट्रीटचा आणि तिला लागून असलेल्या नारायण धुरू स्ट्रीटचा आहे, आणि लिहिणाऱ्याने दिवाळीपासून तिथे अकरा चकरा मारल्यात, त्यातल्या चार निव्वळ स्वतःच्या गाढवपणामुळे. स्टार द्यायचेच झाले तर साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

कारण काय तर एक सेकंडहँड गार्डन ट्रॅक्टर. शेतातला ट्रॅक्टर नव्हे हो, बसून चालवायचं गवत कापायचं मशीन असतं ना ते, पुढे एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पोटाखाली दोन पात्यांचा डेक, मागे हूक, त्याला छोटी ट्रॉली लावता येते. मुंबईत असलं मशीन क्लबांच्या मैदानांवर नाहीतर मोठ्या कॅम्पसमध्येच दिसतं. मला ते एका भंगारवाल्याकडे दिसलं, कुठल्यातरी क्लबातून लॉटमध्ये उचललेलं, सीट उंदरांनी खाल्लेली, डेकला गंजून दोन भोकं, आणि तो म्हणे किलोवर देतो. शेवटी बावीस हजारात अंगावर घेतलं. माझ्या मामाची गोराईला वाडी आहे, नारळाखाली पावसाळ्यानंतर गवत कमरेला लागतं आणि कापायला माणूस मिळेपर्यंत ते वाळून कोलमडतं, म्हटलं होईल उपयोग. खाडीतल्या बोटीवर बाईक चढते, हे धूड कसं चढणार, म्हणून टेम्पो भाईंदर-उत्तनवरून फिरवून आणला. मामाने टेम्पोभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बैल आणला असतास तर निदान शेण तरी दिलं असतं."

आता रोग काय होता ते जरा सविस्तर लिहितो, कारण जुना गार्डन ट्रॅक्टर घेणारे बहुतेक जण इथेच पैसे घालवतात. चावी फिरवली की सेल्फ मारायचा, इंजिन अर्धा फेरा फिरायचं आणि गप्प. परत चावी, परत अर्धा फेरा, गप्प. बोरिवलीतल्या एका मेकॅनिकला वाडीवर आणला, तो म्हणाला बॅटरी गेली. मारुतीत बसते तशी नवी ३५ एएचची घातली, तरी तेच. मग म्हणाला सेल्फ गेला, खोलून नेला, कार्बन बदलून आणला, तरी तेच. मग म्हणाला इंजिन जाम होतंय, बोअर करावं लागेल, पंधरा हजार बाजूला ठेवा. तोपर्यंत माझे साडेसहा हजार गेले होते. चहा पाजून त्याला बोटीपर्यंत सोडला आणि म्हटलं आता आपणच बघू.

बघितलं तर गोष्ट एवढीशी. एका सिलिंडरच्या या मोठ्या इंजिनात कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा जोर) एवढं असतं की छोट्या सेल्फला ते पार करता येत नाही. म्हणून कॅमशाफ्टवर एक बारीकसा उंचवटा दिलेला असतो, सुरू करताना इंजिन हळू फिरत असलं की तो एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, थोडी हवा सुटून जाते आणि सेल्फला फिरवायला हलकं जातं, इंजिनाने वेग घेतला की तो आत बसतो. पण टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली फट, वाढला की हा उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. म्हणजे सगळं कॉम्प्रेशन सेल्फच्या डोक्यावर, आणि सेल्फ बिचारा अर्ध्या फेऱ्यात दम टाकतो. बॅटरी दोषी नाही, सेल्फ दोषी नाही. माझ्या इंजिनाला इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.१५ मिलिमीटर गॅप लागतो, निघाला ०.३० च्या वर. क्लबवाल्यांनी वर्षानुवर्षं टॅपेट उघडलेच नसणार, यात मशीनचा काय दोष.

तर हा गॅप मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फिलर गेज, घ्यायला म्हणून मी पहिल्यांदा नागदेवीला गेलो.

पश्चिम उपनगरातल्यांसाठी रस्ता सांगून ठेवतो, दादरला उतरून सेंट्रलची स्लो पकडायची, मस्जिदला फास्ट थांबत नाही, मी एकदा घाईत फास्टमध्ये चढलो आणि सीएसएमटीवरून उलटं चालत आलो. मस्जिदला पश्चिमेला बाहेर पडून मोहम्मद अली रोड ओलांडला की आलंच. चालताना खाली बघायचं आणि मागेही बघायचं, कारण माथाडी लोक लोखंडी सळ्यांनी भरलेली हातगाडी घेऊन येतात आणि ती गाडी तुमच्यासाठी थांबत नाही, थांबूही शकत नाही. दुकानं म्हणजे काय, सहा फुटांचा दर्शनी भाग आणि आत बोगदा. एकात फक्त बेल्ट. एकात फक्त ऑइल सील. एका ठिकाणी मी नुसते सर्क्लिप, म्हणजे शाफ्टवर अडकवायच्या स्प्रिंगच्या कड्या, विकणारा माणूस बघितला, भिंतभर सर्क्लिप, आणि त्याचं उत्तम चाललेलं दिसत होतं.

फिलर गेज १४० रुपयांत मिळाला, वाडीवर येऊन पिस्टन वर आणला, टीडीसीच्या, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या टोकाच्या, किंचित पुढे नेला, दोन्ही टॅपेट सेट केले, नट आवळले, कव्हर लावलं, चावी फिरवली आणि इंजिन असं फिरलं की मामाच्या कोंबड्या थेट विहिरीपलीकडे. चालू नाही झालं, ते पुढे सांगतो, पण फिरलं. साडेसहा हजारांचा रोग १४० रुपयांत.

इथून पुढे नागदेवीशी खरी ओळख झाली. मी अडाण्यासारखा पहिल्या बेअरिंगवाल्याला विचारलं, "गार्डन ट्रॅक्टरचं बेअरिंग मिळेल का, पातं ज्यावर फिरतं त्या स्पिंडलचं?" त्याने वर न बघता सांगितलं, "नाम मत बोलो, नंबर बोलो." इथे हेच चालतं. मशीन अमेरिकेचं आहे का चायनाचं का तुमच्या आजोबांचं, गल्लीला काही पडलेली नाही. बेअरिंगवर नंबर असतो, सीलवर माप असतं, बेल्टवर सेक्शन (जाडी-रुंदीचा प्रकार) आणि लांबी असते, ते सांगितलं की तीस सेकंदांत वस्तू काउंटरवर. डीलरकडे जे "इम्पोर्टेड स्पेअर आहे साहेब, सहा आठवडे लागतील" असतं, ते इथे कप्प्यात पडलेलं असतं, फक्त वेगळ्या नावाने. माझ्या मते जुनं परदेशी मशीन मुंबईत घरी दुरुस्त करायला जेवढं सोपं आहे तेवढं देशात फार थोड्या ठिकाणी असेल, आणि त्याचं कारण ही गल्ली आहे.

बेअरिंगचा नंबर वाचायला तिथेच शिकलो. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक, ६२०४ म्हणजे २० मिलिमीटर, ६२०५ म्हणजे २५. पण ०४ च्या खाली हा हिशेब चालत नाही, ६२०३ चं भोक १७ असतं, १५ नाही. मागे झेडझेड लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबराची. गवताच्या पात्याला रबराचीच घ्या, पाण्याने आणि चिखलाने पत्र्याचं झाकण दोन पावसाळेही काढत नाही.

आता माझा पहिला गाढवपणा. स्पिंडलमधून जुनी बेअरिंगं ठोकून काढली, गंजलेली, पुसून पुसून ६२०३ एवढं दिसलं, पुढचं काही वाचता येईना. चार नग ६२०३ टूआरएस घेऊन आलो. हाउसिंगमध्ये झकास बसली. शाफ्ट घातला तर आत लडबड, जसा घागरीत चमचा. मला वाटलं शाफ्ट झिजला. पुढच्या शनिवारी शाफ्टच पिशवीत घालून परत नागदेवी. या वेळी दुसऱ्या दुकानात गेलो, एक वयस्कर बोहरी चाचा बसले होते, चष्मा कपाळावर. त्यांनी शाफ्ट हातात घेतला, माप घ्यायचा व्हर्नियर लावला नाही, नुसता अंगठा आणि बोट फिरवून म्हणाले, "ये तो इंची माल है." मग व्हर्नियर लावून दाखवला, १५.८७. म्हणजे ५/८ इंच. शाफ्ट झिजलेला नव्हताच, तो जन्मतःच इंचात होता आणि मी त्याला मिलिमीटरचा सदरा घालत होतो, वर मिलिमीटरभर ढगळ. या मशीनसाठी बाहेरून ६२०३ च पण आतून ५/८ इंच भोक असं बेअरिंग येतं, नंबरच्या शेवटी १० लिहिलेलं असतं, १० म्हणजे सोळाव्या भागातले दहा, म्हणजेच ५/८. माझ्या जुन्या बेअरिंगवर तो १० नेमका गंजाखाली गेला होता. चाचांनी पोऱ्याला माळ्यावर पिटाळलं, पाच मिनिटं वर खडखडाट, धुळीचा एक लोट खाली आला आणि मागून चार डब्या. साध्यापेक्षा दुपटीने महाग, पण वाडीवर जाऊन शाफ्ट घातला तर हाताच्या दाबाने सरकत जाऊन बसला, आणि बोटाने फिरवल्यावर पातं आवाज न करता फिरत राहिलं. मी दहा मिनिटं नुसता ते फिरवत बसलो होतो.

बेल्टचंही असंच. डेकच्या बेल्टवर ४एल ८४० लिहिलेलं. इथले लोक ए सेक्शन, बी सेक्शन बोलतात. ४एल म्हणजे जवळपास ए सेक्शनच, वरून १३ मिलिमीटर रुंद, पण ८४० म्हणजे बाहेरून ८४ इंच, आणि आपल्याकडे ए ८२ म्हणतात ते आतून ८२. बाहेरचं माप आणि आतलं माप यात दोनेक इंचांचा फरक पडतो, म्हणजे ८४० मागायला जाऊन कोणी ए ८४ दिला तर तो सैल पडणार. मला ए ८२ बरोबर मिळाला, पण त्यातही मेख आहे. साधा ए बेल्ट पिठाच्या गिरणीसाठी किंवा पंपासाठी ठीक, इथे बेल्टच्या पाठीवरून पण एक पुली दाबते आणि पातं चालू-बंद करताना बेल्ट घसरतो, त्यात साधा बेल्ट जळतो. माझा पहिला साधा बेल्ट दुसऱ्याच दिवशी रबर जळल्याच्या वासासकट गेला. आत केव्हलारची दोरी असलेला घ्यायचा, तो मागून घ्यावा लागतो, आपणहून कोणी देत नाही.

नटबोल्टसाठी एकच सूचना. हे मशीन इंचातलं असेल तर दुकानदार विचारेल, "व्हिटवर्थ के यूएनसी?" ही आट्यांची दोन मापं, पहिलं ब्रिटिश, दुसरं अमेरिकन. माहीत नसेल तर जुना बोल्ट पुढे करा, अंदाज पंचे बोलू नका. ५/१६ ला दोघांचे आटे इंचाला १८ च असतात, त्यामुळे व्हिटवर्थचा नट यूएनसीच्या बोल्टवर चढतोसुद्धा, पण आट्याचा कोन ५५ विरुद्ध ६०, नीट बसत नाही. अर्ध्या इंचाला तर व्हिटवर्थ १२ आणि यूएनसी १३, तिथे दोन फेऱ्यांत अडकतो आणि तुम्ही पाना लावून जोर केलात की झालं वाटोळं. मी केला होता जोर. पुढच्या ॲक्सलचा बोल्ट होता, शेवटी कापून काढला.

आता तो अर्धा स्टार. डुप्लिकेट. सुरुवातीच्या एका फेरीत एका दुकानातून नामांकित कंपनीच्या डब्यातलं बेअरिंग घेतलं, डबा चकाचक, होलोग्रामसकट, आणि बेल्ट ताणून धरणाऱ्या आयडलर पुलीत घातल्यावर आठवड्यात ते मांजर दळल्यासारखं ओरडायला लागलं. परत नेलं तर मालक म्हणाला, बिल कुठाय. बिल मी घेतलंच नव्हतं, चाळीस रुपये वाचवले होते. म्हणजे चूक अर्धी माझी, पण अर्धी त्याची आहेच. त्यानंतर मी पक्कं बिल मागतो, आणि बिल मागितल्यावर ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडून काही घेत नाही. चाचांच्या दुकानात न मागता बिल मिळतं.

काय मिळत नाही तेही लिहितो, नाहीतर लोक भरवशावर जातील. गॅस्केट, कार्बचं (कार्बुरेटरचं) किट, फ्लायव्हीलची चावी, इग्निशन कॉइल, हे इंजिनाचं खास सामान नागदेवीत नाही. ते बाहेरून मागवलं, कस्टमसकट आलं, महिना गेला. पात्याचे ब्लेडसुद्धा तसेच, जुने धार लावून वापरतोय. डेकचं वेल्डिंग भाईंदरला करून घेतलं, डेक सुटा करून नेला. मशीनवरच वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरीच्या वायरी काढा, एवढं तरी करा.

इंजिन फिरत होतं पण चालू होत नव्हतं ते कार्बमुळे. वाटी उघडली तर आत पांढरट पूड आणि खाली पाण्याचा थेंब, पेट्रोलपासून वेगळा झालेला, गोल, मोत्यासारखा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गोराईची हवा म्हणजे काय सांगायचं, तिथे मीठ बरणीत पण ओलं होतं. या छोट्या इंजिनांच्या पुस्तकात साधारण १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. उपाय म्हणजे काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे वाटी कोरडी. मी हे करतो, मामा करत नाही, त्यामुळे जेट साफ करायची बारीक तार सीटखाली टेपने चिकटवून ठेवली आहे.

गंजासाठी महागडी केमिकल घेऊ नका. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मिळतं, ढोकळ्यात घालतात तेच, बादलीभर पाण्यात पाव किलो टाकून छोटे पार्ट रात्रभर बुडवायचे, सकाळी ब्रशने काळं निघून जातं. पण लगेच धुवून, कोरडे करून रेड ऑक्साइड मारायचा, चहाला गेलात तर परत येईपर्यंत नवा गंज. बायकोने बादली बघून विचारलं की हे नक्की ट्रॅक्टरचं चाललंय का लोणच्याचं.

टायरचा किस्सा सांगायलाच हवा. मागची चाकं ८ इंची रिंगची, आणि आपल्या रिक्षाचं टायर ४.००-८, म्हणजे रिंग तीही ८ च. पंक्चरवाल्याने रिंगवर हात फिरवून सांगितलं, "रिंग तर आमचीच आहे साहेब, पोट तेवढं मोठं आहे." टायरचं पोट खरंच ८ इंच रुंद. हवा रिंगच्या काठाला गंज चढल्यामुळे निघत होती, तो घासून काढला, सीलंट लावलं, महिना झाला, हवा धरून आहे. त्याने घेतले शंभर रुपये. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात प्रामाणिक बिल तेच.

एक गोष्ट मामाच्या मनाविरुद्ध केली. सीटखाली एक स्विच असतो, माणूस उठला की इंजिन बंद. आधीच्या मालकांनी तो वायर जोडून निकामी केला होता, मी पुन्हा चालू केला, कारण खाली फिरत असतं ते पातं आहे, पंखा नाही. मामा आता नारळ उचलायला उठला की मशीन बंद पडतं आणि तो मला फोन करून सांगतो की तुझं मशीन परत बिघडलं.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. रविवारी बाजार बंद. शनिवारी दुपारनंतर अर्धे लोक आवरायला लागतात, अकरा-बाराच्या सुमाराला पोचा. जुना पार्ट धुवून न्या, चिखल लागलेला काउंटरवर ठेवलात तर शिव्या मिळतात, मला मिळाल्यात. एक स्वस्तातला व्हर्नियर आधी घ्या, बाकी सगळं नंतर. एका नगासाठी गेलात तर काही घाऊकवाले बघतही नाहीत, मनावर घेऊ नका, पुढच्या दुकानात जा. यूपीआय सगळीकडे चालतं. गाडी घेऊन जायचा विचारसुद्धा करू नका.

माझं अजून पुढच्या चाकांचं बुश राहिलंय, ३/४ इंच आतून, बाहेरचं माप काल रात्री घेतलं, १.३७५ इंच. हे कुठल्या कप्प्यात कुठल्या नावाने पडलंय ते शनिवारी चाचांना विचारतो.